स्टेंट आणि सीटी स्कॅन : दिसते किती, उपयोगी किती

स्टेंट बसवलेल्या माणसाच्या छातीत पुन्हा दुखू लागले, तर तो स्टेंट आतून मोकळा आहे की बुजत चालला आहे, हे कसे पाहायचे? जवळजवळ चाळीस वर्षे याचे खात्रीचे उत्तर एकच होते : पुन्हा अँजिओग्राफी. मनगटातून किंवा जांघेतून नळी थेट हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी न्यायची, डाय सोडायचा आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहायचे. याउलट सीटी कोरोनरी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेत सुई टोचून डाय दिला जातो, रुग्ण काही सेकंद श्वास रोखतो आणि थोड्या वेळाने घरी जातो. ज्यांना स्टेंट नाही अशा छातीदुखीच्या रुग्णांसाठी ही तपासणी आता रुळली आहे. स्टेंट असलेल्यांच्या बाबतीत मात्र तिच्यावर वीस वर्षे चर्चा चालू आहे, आणि या काळात चर्चेचा रोखही बदलला आहे. सुरुवातीला प्रश्न होता, सीटीत स्टेंटच्या आतले दिसते का? आज त्याहून अवघड प्रश्न पुढे आहे : दिसले तर त्याचे करायचे काय?

स्टेंट कुठून आला आणि का बुजतो

१९७७ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुगा फुगवून हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी पहिल्यांदा मोकळी केली. फुगा काढल्यावर वाहिनी पुन्हा आवळत असे, कधी तिथल्या तिथे, कधी काही महिन्यांत. तिला आतून आधार देणारी धातूची जाळी १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिक सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयात बसवली. १९९४ मध्ये युरोपातील बेनेस्टेंट आणि अमेरिकेतील स्ट्रेस या दोन चाचण्यांनी नुसत्या फुग्यापेक्षा स्टेंट सरस असल्याचे दाखवले आणि जगभर स्टेंटचा वापर सुरू झाला.

जाळीने वाहिनीचे आवळणे थांबले, पण नवी अडचण उभी राहिली. जाळीच्या जखमेवर शरीर नवी पेशी-ऊती चढवते, आणि ती जास्त चढली की आतला मार्ग पुन्हा अरुंद होतो. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये हे शंभरातल्या वीस ते तीस जणांच्या वाट्याला येई. २००३ पासून औषधाचा लेप असलेले स्टेंट सर्रास वापरात आले. रुग्ण त्यांना मेडिकेटेड स्टेंट म्हणतात. त्यांनी हे प्रमाण दहाच्या आत आणले. त्यानंतर २००६ च्या बार्सिलोना परिषदेत, या स्टेंटमध्ये उशिरा रक्ताची गुठळी होण्याच्या धोक्यावरून मोठे वादळ उठले. पुढच्या पिढीच्या स्टेंटची तार बारीक झाली, लेप सुधारला आणि तो धोकाही बराच कमी झाला.

तरीही स्टेंट कायमचा निर्धोक होत नाही. पहिल्या वर्षात पेशींची वाढ हे बुजण्याचे मुख्य कारण असते, तर पुढे पाच-दहा वर्षांनी जाळीच्या आतल्या नव्या थरातच पुन्हा कोलेस्टेरॉलचा साठा होऊ लागतो. क्वचित जाळी तुटते. १९ चाचण्यांमधल्या सुमारे २५ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की, पहिले वर्ष उलटल्यावर स्टेंट कोणत्याही पिढीचा असो, त्याच्याशी संबंधित घटना दरवर्षी सुमारे दोन टक्के या दराने घडतच राहतात. हा आकडा लक्षात ठेवावा लागतो. स्टेंट घेऊन जगणारी माणसे प्रचंड संख्येने आहेत आणि त्यातल्या कोणत्याही एकाचा धोका एखाद्या वर्षी लहानच आहे. तपासणी कोणाची करायची, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

अर्ध्या मिलिमीटरचे गणित

नेहमीच्या सीटी यंत्राला साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. नळी घालून कॅथलॅबमध्ये करायच्या अँजिओग्राफीत हाच तपशील ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत मिळतो, तर वाहिनीच्या आत तार घालून करायच्या ओसीटी तपासणीत १० ते २० मायक्रॉनपर्यंत. स्टेंटची तार असते ६० ते १४० मायक्रॉन जाडीची. म्हणजे सीटीच्या चित्रातल्या एका ठिपक्यापेक्षा ती कितीतरी बारीक. पण धातू क्ष-किरण इतके अडवतो की तो ठिपका पूर्णच उजळून निघतो आणि शेजारच्या ठिपक्यांवरही झाक टाकतो. पावसात ओल्या काचेतून रस्त्यावरचा दिवा त्याच्या खऱ्या आकारापेक्षा मोठा आणि पसरट दिसावा, तशी ही तार दिसते. रेडिओलॉजिस्ट याला ब्लूमिंग म्हणतात.

आता ३ मिलिमीटर व्यासाचा स्टेंट घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यांच्या हिशेबाने त्याच्या आरपार सहा ठिपके बसतात. दोन्ही बाजूंचा एकेक ठिपका धातूने गिळला, तर आतले पाहायला चार उरतात. २.५ मिलिमीटरच्या स्टेंटमध्ये उरतात तीन. त्यातून निम्मा मार्ग बुजला आहे की नाही, हे सांगायचे म्हणजे दीड ठिपक्याच्या फरकावर निकाल द्यायचा. पुढच्या सगळ्या मार्गदर्शक सूचनांत ३ मिलिमीटरची जी रेघ पुन्हा पुन्हा भेटते, तिचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

धातूच्या जातीनेही फरक पडतो. टँटलम सर्वांत त्रासदायक, त्या मानाने स्टेनलेस स्टील बरे, आणि बारीक तारेचे कोबाल्ट-क्रोमियम त्याहून बरे. जर्मनीतील म्युन्स्टर येथील संशोधकांनी २००६ मध्ये ६८ प्रकारचे स्टेंट प्रयोगशाळेत ६४ स्लाइसच्या, म्हणजे एका फेरीत ६४ काप टिपणाऱ्या, सीटीखाली ठेवून पाहिले. बहुतेकांत खऱ्या पोकळीच्या निम्म्याहून थोडीच अधिक पोकळी दिसत होती, आणि टँटलमच्या एका स्टेंटमध्ये ती जवळपास नाहीशीच झाली होती. उलट टोकाला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला आणि पुढच्याच वर्षी बाजारातून गेलेला, विरघळणारा ॲबसॉर्ब स्टेंट. तो पॉलिमरचा असल्याने सीटीत दिसतच नसे, फक्त दोन्ही टोकांचे प्लॅटिनमचे ठिपके दिसत. त्यामुळे त्याच्या आतला मार्ग स्वच्छ वाचता येई आणि त्याच्या पाठपुराव्याच्या अभ्यासांत सीटीचा उपयोगही झाला. गुठळ्यांच्या वाढत्या प्रमाणामुळे तो स्टेंट मागे पडला आणि सीटीला सोयीचे जाणारे ते युगही लवकर संपले.

दुसरा अडसर म्हणजे ठोके. उजवी कोरोनरी वाहिनी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर झपाट्याने सरकते. म्हणून तपासणीआधी नाडी मिनिटाला साठच्या आसपास आणण्यासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी देतात, वाहिन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात, आणि टेबलावर झोपवून एकदा कोरडी तालीम घेतात : श्वास घ्या, रोखा, सोडा. डाय शिरेत शिरला की अंगातून गरम लाट गेल्यासारखी वाटते. नेमक्या त्याच वेळी रुग्ण दचकतो, ठोका वाढतो किंवा श्वास सुटतो. तंत्रज्ञाने ही लाट येणार असल्याचे आधीच नीट समजावून सांगितले असेल, तर चित्र चांगले येण्याची शक्यता वाढते. यंत्राच्या किमतीशी याचा काही संबंध नाही, आणि तरी अहवालाची प्रत पुष्कळदा इथेच ठरते. तिसरा अडसर कॅल्शियमचा. मधुमेही आणि वयस्क रुग्णांच्या वाहिन्यांत तो जागोजाग साचलेला असतो आणि धातूसारखाच उजळतो.

यंत्रे आणि पुरावे

१९९० च्या दशकातल्या इलेक्ट्रॉन बीम सीटीला आणि त्यानंतर आलेल्या चार स्लाइसच्या यंत्रांना स्टेंटच्या आतले काहीच दिसत नसे. तेव्हा डॉक्टर स्टेंटच्या पलीकडची वाहिनी डायने भरली आहे का, ते पाहत आणि भरली असेल तर स्टेंट चालू आहे असे मानत. या अनुमानात मोठी फट होती. स्टेंट पूर्ण बंद असला, तरी शेजारच्या वाहिन्यांतून आडमार्गाने रक्त उलटे येऊन पलीकडचा भाग भरतो. आजही हा सापळा तसाच आहे, आणि अनुभवी रेडिओलॉजिस्ट नुसत्या पलीकडच्या भरण्यावर भिस्त ठेवत नाहीत.

२००४ च्या सुमारास ६४ स्लाइसची यंत्रे आली आणि चित्र पालटले. २००६ मध्ये रॉटरडॅमच्या गटाने लेफ्ट मेनमधल्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या मुख्य वाहिनीतल्या, स्टेंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही वाहिनी रुंद आणि आखूड, स्टेंटही मोठा. तिथे सीटीचे निदान अँजिओग्राफीशी फार छान जुळले, मात्र फाट्यावर दोन स्टेंट जोडून बसवले असतील तर जुळणी ढिली पडली. २००७ मध्ये आणखी एका गटाने १८२ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. सुमारे सात टक्के स्टेंट वाचताच आले नाहीत. जे वाचता आले, त्यांत ‘मोकळा’ असे सांगितलेले ९९ टक्के बरोबर निघाले, ‘बुजला’ असे सांगितलेले ६३ टक्केच. २०१८ मध्ये ३५ अभ्यास एकत्र करून चार हजारांहून अधिक स्टेंटचे विश्लेषण झाले. बुजलेले स्टेंट पकडण्याची क्षमता सुमारे ९० टक्के आणि मोकळे स्टेंट ओळखण्याची सुमारे ९४ टक्के निघाली.

९० आणि ९४ हे आकडे ऐकायला भरभक्कम वाटतात, पण रुग्णासमोर त्यांचा अर्थ काय होतो, ते हिशेब करून पाहण्यासारखे आहे. समजा हजार स्टेंट तपासले आणि त्यातले आठ टक्के, म्हणजे ८०, खरोखर बुजलेले आहेत. सीटी त्यातले ७२ पकडेल, ८ निसटतील. मोकळ्या ९२० पैकी ८६५ बरोबर ओळखले जातील आणि ५५ वर चुकीने बुजल्याचा शिक्का बसेल. म्हणजे ‘मोकळा’ असा अहवाल आलेल्या ८७३ पैकी ८६५ खरोखर मोकळे, हे प्रमाण ९९ टक्के. आणि ‘बुजला’ असा अहवाल आलेल्या १२७ पैकी खरे ७२, हे ५७ टक्के. स्टेंट जितके सुधारत जातील आणि बुजण्याचे मूळ प्रमाण जितके उतरत जाईल, तितका हा दुसरा आकडा आणखी घसरेल. सीटीचे बळ नाकारण्यात आहे. तिने स्टेंट मोकळा म्हटले तर त्यावर विसंबता येते. बुजला म्हटले तर खात्री करून घ्यावी लागते.

या साहित्याची एक कमजोरीही नोंदवायला हवी. अनेक अभ्यासांत न वाचता आलेले स्टेंट हिशेबातून वगळले गेले, आणि लहान स्टेंट किंवा अनियमित ठोक्यांचे रुग्ण मुळातच घेतले गेले नाहीत. दवाखान्यात आलेल्या रुग्णाला असे वगळता येत नाही. वगळलेले सगळे ‘बुजलेले’ धरून गणित केले, तर आकडे बरेच खाली येतात.

किरणोत्सर्गाच्या आघाडीवर मात्र प्रगती निःसंशय आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत एका हृदय-सीटीचा मध्यक डोस सुमारे १२ मिलिसीव्हर्ट होता. दशकभराने तशाच पाहणीत तो तीनच्या आत आला. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. स्टेंटसाठी लागणारी अतिसूक्ष्म चित्रे घेताना डोस यापेक्षा वाढतो, पण वीस वर्षांपूर्वीची भीती आज तशीच्या तशी लागू पडत नाही.

मार्गदर्शक सूचना आणि फाइलमधले स्टिकर

अमेरिकी संस्थांनी २०१० मध्ये एकत्र येऊन सीटीच्या योग्य वापराचे निकष ठरवले. लेफ्ट मेनमधला ३ मिलिमीटर किंवा मोठा स्टेंट असेल, तर लक्षणे नसतानाही सीटी योग्य मानली गेली. इतर ठिकाणच्या तेवढ्या स्टेंटसाठी ‘अनिश्चित’ असा शेरा पडला. व्यास ३ पेक्षा कमी असेल किंवा माहीतच नसेल, तर सीटी करू नये असे ठरले. २०२१ मध्ये हृदय-सीटीच्या तज्ज्ञसंस्थेने ही चौकट सैल केली. ३ मिलिमीटर व त्यावरील स्टेंटसाठी सीटी योग्य, आणि त्याखालील स्टेंटची तार १०० मायक्रॉनपेक्षा बारीक असेल, तो वाहिनीच्या सुरुवातीच्या भागात असेल आणि फाट्यावर नसेल, तर विचार करता येईल. त्याच वर्षी आलेल्या अमेरिकेच्या छातीदुखीवरील मार्गदर्शक सूचनांनीही स्टेंट पाहण्यासाठी ३ मिलिमीटरचीच मर्यादा ठेवली.

या सगळ्या सूचना रुग्णाला स्टेंटचा व्यास माहीत आहे, असे गृहीत धरतात. आपल्याकडे घोडे इथेच अडते. अँजिओप्लास्टीनंतर मिळणाऱ्या फाइलमध्ये, बहुधा डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या पानावर, एक लहानसे स्टिकर चिकटवलेले असते. त्यावर कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि गुणाकाराच्या खुणेने जोडलेले दोन आकडे असतात, उदाहरणार्थ २.७५ × २४. पहिला आकडा व्यास, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सीटी करायची की नाही, हा निर्णय पुष्कळदा त्या पहिल्या आकड्यावर ठरतो. स्टिकरची शाई उडालेली असते, फाइल गावी राहिलेली असते, किंवा घरच्यांना ‘दोन स्टेंट टाकलेत’ एवढेच सांगता येते. सीटीला येताना रुग्णाने ते पान आणले, तर रेडिओलॉजिस्टला यंत्रावरची मांडणीही त्या स्टेंटला अनुसरून ठरवता येते. फोनमध्ये त्याचा एक फोटो असला तरी काम भागते.

आपल्या बाबतीत आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध-किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली आणि पुढच्या वर्षी ती २७,८९० रुपयांवर आली. त्याआधी रुग्णाला एका स्टेंटसाठी लाखाच्या घरात रक्कम मोजावी लागत असे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही अँजिओप्लास्टी होते. स्टेंट असलेल्यांची संख्या त्यामुळे वाढत राहणार. दुसरी गोष्ट भारतीय स्टेंटची. सुरतेत आणि वापीत तयार होणाऱ्या काही स्टेंटची तार ६० ते ६५ मायक्रॉनची आहे. सुरतेच्या अशा एका स्टेंटची युरोपातील टॅलेंट चाचणीत जगभर वापरल्या जाणाऱ्या स्टेंटशी तुलना झाली आणि तो उणा ठरला नाही. तार बारीक असल्याने सीटीत त्याच्या आतले अधिक दिसावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण मधुमेही रुग्णांच्या बारीक वाहिन्यांत बसवलेले २.२५ आणि २.५ मिलिमीटरचे स्टेंटही आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तार कितीही बारीक असली तरी व्यासाचे गणित सुटत नाही.

लक्षणे असलेल्या रुग्णाबाबत तीन मते

पहिले मत सीटीच्या समर्थकांचे. छातीत दुखते म्हणून आलेल्या प्रत्येक स्टेंटधारकाला कॅथलॅबमध्ये नेले, तर त्यातल्या अनेकांचे स्टेंट मोकळेच निघतात. आधी सीटी केली तर हे लोक नळीच्या तपासणीतून वाचतील. शिवाय सीटी एकटा स्टेंट पाहत नाही, ती हृदयाच्या सगळ्या वाहिन्या एका दमात दाखवते. या मुद्द्याला मोठा आधार आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतर अँजिओप्लास्टी झालेल्या ६९७ रुग्णांचा तीन वर्षे मागोवा घेतला गेला. उपचार केलेल्या जागेमुळे पुन्हा त्रास झालेले १२.९ टक्के होते आणि इतर जागांमुळे त्रास झालेले ११.६ टक्के. स्टेंट टाकला म्हणजे रोग तिथेच संपला, असे होत नाही.

दुसरे मत सावधगिरीचे. ज्यांचे स्टेंट बुजण्याची शक्यता जास्त, त्यांच्यातच सीटी कमी पडते : अनेक स्टेंट एकावर एक बसवलेले, लहान व्यास, फाट्यावरची जोडणी, कॅल्शियम, मधुमेह, अनियमित ठोके. अशांची सीटी ‘वाचता येत नाही’ असा शेरा घेऊन आली, तर अँजिओग्राफी टळत नाही. डाय दोनदा, किरण दोनदा आणि खर्चही दोनदा होतो. किडनी आधीच कमजोर असेल, तर दोनदा डाय देणे सोपी गोष्ट नाही. कॅथलॅबमध्ये ओसीटीने बुजण्याचे कारण कळते आणि त्याच बैठकीत उपचारही होऊ शकतात.

तिसऱ्या मताचे लोक प्रश्नच वेगळा मांडतात. पोकळी किती टक्के अरुंद झाली, यापेक्षा हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते का, हे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यासाठी स्ट्रेस एको, थॅलियम, एमआरआय आहेतच. सीटीवरून रक्तप्रवाहाचा दाब गणिताने काढण्याची पद्धत अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झाली, पण तिला वाहिनीची कडा स्पष्ट लागते, आणि स्टेंटमध्ये कडाच अस्पष्ट असते. म्हणून स्टेंटसाठी ती अजून पुरेशी पारखलेली नाही. सीटी परफ्युजनमध्ये औषधाने हृदयावर ताण आणून स्नायूत डाय कसा पोचतो ते पाहतात, आणि तिथे धातू आड येत नाही. मिलानमधील गटाने २०२० मध्ये अशा १५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या सीटी अँजिओपेक्षा परफ्युजन अधिक रुग्णांत वाचता आले आणि निदानही अधिक अचूक ठरले. मात्र यासाठी वेगळे औषध, जास्त किरण आणि सरावाचा चमू लागतो. मोठ्या शहरांबाहेर ही जुळवाजुळव अवघड आहे.

माझ्या मते पहिल्या आणि तिसऱ्या मतात दिसतो तेवढा विरोध नाही. मोठा स्टेंट, संथ नाडी आणि फारशी शंका नसलेले दुखणे असेल, तर सीटी आधी करणे शहाणपणाचे. लहान किंवा अनेक स्टेंट असतील, तर रक्तपुरवठ्याची तपासणी आधी. आणि दुखणे विश्रांतीतही होत असेल, ईसीजी बदलला असेल, ट्रोपोनिन वाढले असेल, तर या चर्चेत वेळ न घालवता थेट अँजिओग्राफी. या शेवटच्या मुद्द्यावर तिन्ही बाजूंचे एकमत आहे.

काही त्रास नसताना तपासावे का

सर्वांत नाजूक प्रश्न हा आहे. ‘स्टेंट टाकून पाच वर्षे झाली, एकदा सीटी करून बघू का?’ असे रुग्ण विचारतात, आणि त्यामागची काळजी खरी असते.

या प्रश्नावरचा एक पुरावा दक्षिण कोरियातून आला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोस्ट-पीसीआय चाचणीत जास्त जोखमीच्या १,७०६ रुग्णांपैकी निम्म्यांची वर्षभराने नियमाने स्ट्रेस तपासणी केली, उरलेल्यांना त्रास झाला तरच तपासले. दोन वर्षांनी मृत्यू, झटका किंवा अस्थिर छातीदुखीमुळे दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण ५.५ आणि ६ टक्के निघाले. हा फरक नगण्य होता. ही चाचणी सीटीची नव्हती, तरी लक्षणे नसताना ठरावीक काळाने शोध घेण्याच्या कल्पनेला तिने लगाम घातला.

सीटीची स्वतंत्र परीक्षा लेफ्ट मेनमध्ये झाली, आणि ते योग्यच होते. तिथला स्टेंट बंद पडला तर डाव्या बाजूचा जवळजवळ सगळा रक्तपुरवठा तुटतो, आणि सीटीला सर्वांत स्वच्छ दिसणारी जागाही तीच. पल्स नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले. ६०६ रुग्णांपैकी एका गटाची सहा महिन्यांनी सीटी केली, दुसऱ्या गटात लक्षणांप्रमाणे पावले टाकली. दीड वर्षाने मुख्य निकषावर दोन्ही गट सारखे निघाले : ११.९ टक्के आणि १२.५ टक्के. पण अचानक आलेले झटके सीटीच्या गटात ०.९ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ४.९ टक्के. याच्या जोडीला, चित्र पाहून केलेल्या पुन्हा अँजिओप्लास्टीही सीटीच्या गटातच जास्त झाल्या.

या निकालाचे वाचन दोन प्रकारे होते. एक बाजू म्हणते, झटके खरोखर टळले असतील तर ही लहानसहान गोष्ट नाही, आणि चाचणीचा मुख्य निकष अनेक घटना एकत्र बांधल्यामुळे बोथट झाला. दुसरी बाजू म्हणते, मुख्य निकषावर अपयश आले की दुय्यम आकडा पुढच्या चाचणीसाठीची कल्पना ठरते, उपचाराचा आधार नव्हे. शिवाय स्वतःहून आलेले झटके मोजताना पुन्हा केलेल्या अँजिओप्लास्टीचा धोका त्या हिशेबात येत नाही. मला दुसरी बाजू अधिक काटेकोर वाटते. तरी लेफ्ट मेनच्या रुग्णाला त्याचा डॉक्टर एकदा सीटी सुचवत असेल, तर त्याला अविचारी म्हणता येणार नाही. इतर जागी स्टेंट असलेल्या, त्रास नसलेल्या माणसाला मात्र दरवर्षीच्या पॅकेजमध्ये सीटी करून घेण्याचा फायदा दाखवणारी एकही चाचणी आज हाताशी नाही. त्याच्यासाठी साखर, रक्तदाब, एलडीएल कोलेस्टेरॉल आणि गोळ्यांची नियमितता यांवर घालवलेला वेळ अधिक कामी येतो.

नवे यंत्र, उरलेले प्रश्न

सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत पहिल्या फोटॉन-काउंटिंग सीटी यंत्राला मान्यता मिळाली. जुन्या डिटेक्टरमध्ये क्ष-किरणांचे आधी प्रकाशात आणि मग विजेत रूपांतर होते. नव्या कॅडमियम टेल्युराइडच्या डिटेक्टरमध्ये प्रत्येक फोटॉन थेट मोजला जातो आणि त्याची ऊर्जाही नोंदली जाते. डिटेक्टरच्या कप्प्यांमध्ये आड भिंती लागत नसल्याने कप्पे लहान करता येतात, आणि चित्र ०.२ मिलिमीटरच्या कापांपर्यंत जाते. मघाच्या हिशेबाने ३ मिलिमीटरच्या स्टेंटमध्ये सहाऐवजी पंधरा ठिपके, २.५ च्या स्टेंटमध्ये बारा. प्रयोगशाळेतले आणि रुग्णांवरचे सुरुवातीचे अभ्यास उत्साहवर्धक आहेत. जाळीची तार सुटी दिसते, आतला मार्ग रुंद दिसतो, वाचता न येणारे स्टेंट कमी होतात.

पण हे अभ्यास बहुतांशी एका केंद्रातले आणि थोड्या रुग्णांचे आहेत. २.५ मिलिमीटरच्या स्टेंटवर ‘मोकळा’ म्हणून दिलेला निकाल पुढच्या दोन-तीन वर्षांत खरा ठरतो का, ही कसोटी अजून लागलेली नाही. यंत्र महाग आहे, आपल्याकडे ते मोजक्या ठिकाणी आहे, आणि सध्याची बहुतेक कामे जुन्या यंत्रांवरच होतात. त्या यंत्रांवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्र स्वच्छ करण्याची सोय आता आली आहे. तिने ब्लूमिंग कमी होते. मात्र गणिताने गुळगुळीत केलेल्या चित्रात पेशींचा पातळ थरही पुसला जाऊ नये, याची खात्री कशी करायची, यावर एकमत नाही.

आणखी दोन मुद्दे अनिर्णित आहेत. स्टेंटच्या आतला थर पेशींचा आहे की नव्याने साठणाऱ्या कोलेस्टेरॉलचा, हे सीटीला आज भरवशाने सांगता येत नाही, आणि उपचार ठरवताना हा फरक महत्त्वाचा असतो. तसेच सीटी पाहून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक कधी थांबवायची हे ठरवता येईल का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. स्टेंटच्या तारेवर पेशींचे पांघरूण पुरते चढले आहे की नाही, हे सीटीच्या नजरेच्या आवाक्याबाहेर आहे. ते दिसते ओसीटीत. त्यामुळे ‘सीटी नॉर्मल आली’ म्हणून ती गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे ठरू शकते.

पुढच्या चाचण्यांनी मधुमेही, अनेक लहान स्टेंट असलेले, आधी वगळले गेलेले रुग्ण घ्यायला हवेत, आणि मोजमाप चित्राच्या अचूकतेवर न थांबता झटके, मृत्यू आणि टळलेल्या कॅथलॅब फेऱ्या यांचे व्हायला हवे. भारतीय बारीक तारेच्या स्टेंटवर आणि आपल्या रुग्णांवर असा अभ्यास इथे होणे सहज शक्य आहे. स्टेंट, रुग्ण आणि सीटी यंत्रे, तिन्ही इथे आहेत. ते होईपर्यंत अडीच मिलिमीटरचा स्टेंट असलेला रुग्ण चालताना होणारे दुखणे घेऊन आला, तर त्याच्यापुढे स्ट्रेस एको, थॅलियम किंवा अँजिओग्राफी हेच मुख्य मार्ग आहेत.